कावड वाहणाऱ्याचे काय?



श्रावणबाळाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. त्याचे मायबाप आंधळे होते. त्यांना तीर्थयात्रा करायची होती. श्रावणाने कावड केली. एका बाजूला आई बसवली, दुसऱ्या बाजूला बाप बसवला. कावड खांद्यावर घेऊन तो वाट चालू लागला. पुढे रानात दशरथ राजाचा बाण लागून श्रावण पडला. श्रावण गेला हे कळताच मायबापांनीही प्राण सोडले.

गोष्टीचा हा शेवट आपण ऐकतो आणि सोडून देतो. पण तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कावड वाहणारा पडला की कावडीत बसलेलेही वाचत नाहीत. म्हणून वाहणाऱ्याची काळजी घेणे हेही पुण्याचे काम आहे. आजचा धडा त्याविषयी आहे.

१. वर्गात आलेला प्रश्न

सेलू तालुक्यातल्या एका गावी आमचा साक्षरतेचा वर्ग भरतो. वर्ग रात्री जेवणानंतर असतो. एक बाई वर्गाला येतात. वय चाळिशीचे असेल. त्या रोज उशिरा येत आणि लवकर उठून जात. एकदा आम्ही मास्तरकीच्या सवयीने बोललो, "बाई, वर्गाला वेळेवर यावे. अर्ध्या धड्यातून उठू नये."

बाई म्हणाल्या, "गुरुजी, सासूला झोप लागली की मी येते. तिला जाग आली की पोरगी मला बोलवायला येते. ती रातीला उठून दार उघडती अन् निघती. 'मला घरी जायचंय' म्हणती. आता घरातच बसलेली हाये, तिला कोणत्या घरी नेऊ?"

आम्ही गप्प बसलो.

पुढे बाईंनी सगळे सांगितले. पूर्वी त्या आणि त्यांचे मालक दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. नवराबायको दोघे मिळून एक कोयता धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर देतो. सासूबाईंचे डोके चालेनासे झाले तेव्हापासून बाई गावातच राहतात. मालक एकटे जातात. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, म्हणून उचलही निम्मी. गावात कापूस वेचायला जावे, तर सासूबाईंपाशी कोण बसणार? तीही मजुरी गेली.

त्या दिवशी आम्ही फळ्यावर सरकारी योजनांची नावे लिहिली होती. त्यात 'श्रावणबाळ योजना' हे नाव होते. बाईंनी ते अक्षर अक्षर लावून वाचले. मग म्हणाल्या, "गुरुजी, नाव तर श्रावणाचं हाये. पण पैसे येतात सासूच्या नावावर. श्रावणाला काय मिळतं?"

प्रश्न साधा होता. पण तीस-पस्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या आम्हांला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. घरी जाऊन आम्ही विचार केला, चौकशी केली. तेच येथे सांगत आहोत.

२. हा आजार कोणता?

आपल्याकडे म्हण आहे, 'साठी बुद्धी नाठी'. म्हातारपणी माणूस थोडे विसरणारच, असे आपण धरून चालतो. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे साधे आहे. पण चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे साधे नाही. भाकर खाल्ल्यावर घटकाभराने "मला कोणी जेवायला दिलं नाही" म्हणणे, रोजची वाट चुकणे, पोटच्या लेकाला "तू कोणाचा?" विचारणे, सुनेने पैसे चोरले असा आळ घेणे, दिवस मावळताच घाबरे होणे, ही लक्षणे आजाराची आहेत. या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणतात. स्मृती म्हणजे आठवण. भ्रंश म्हणजे ढळणे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात.

हा आजार मेंदूचा आहे. मेंदूतल्या पेशी हळूहळू निकामी होतात. ही करणी नाही, बाहेरची बाधा नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा हट्टही नाही. जर्मनीतल्या आलोइस अल्झायमर या डॉक्टरांनी १९०६ साली अशा एका बाईच्या मेंदूत झालेले बदल दाखवून दिले. त्यांच्या नावावरून या आजाराच्या एका मोठ्या प्रकाराला अल्झायमर म्हणतात.

आपल्या देशात हे किती लोकांना आहे? २०२३ साली एका मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. साठ वर्षांवरच्या शंभर माणसांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. सबंध देशात अशी माणसे ८८ लाख धरली आहेत. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायांत जास्त आढळले. तेव्हा हे दुखणे शहरातल्या श्रीमंतांचे आहे असे कोणी समजू नये.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. प्रत्येक विसराळूपणा हा स्मृतिभ्रंश नसतो. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉईड बिघडले किंवा मन फार खचले, तरी माणूस विसरू लागतो. हे दोष औषधाने सुधारू शकतात. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. खरा स्मृतिभ्रंश असेल तर तो पूर्ण बरा करणारे औषध अजून निघालेले नाही. औषधाने काहींना थोडा आराम पडतो. बाकी सारे सेवेवर आहे. आणि ही सेवा वर्षानुवर्षे करावी लागते.

३. आम्ही न मांडलेले गणित

येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, तरी सांगतो.

आमच्या आईला शेवटची सात वर्षे हाच आजार होता. आम्ही सकाळी शाळेत जात असू. सायंकाळी परत येत असू. आल्यावर "आई कशी आहे?" असे विचारावे, पत्नीने "बरी आहे" म्हणावे, आणि आम्ही वर्तमानपत्र उघडावे. आपण आईची चौकशी केली, म्हणजे आपण चांगले पुत्र आहोत, असे आम्हांला वाटे.

आईला उठवणे, तोंड धुणे, अंघोळ घालणे, घास भरवणे, अंथरूण ओले झाले की बदलणे, रात्री दाराला आडवे झोपणे, हे सर्व आमची पत्नी करीत होती. आईने तिच्यावर पाटली चोरल्याचा आळ घेतला. तोही तिने ऐकून घेतला. पाटली पुढे पिठाच्या डब्यात सापडली.

एका रविवारी आम्ही पत्नीला म्हणालो, "आज शाळेतले चार जण जेवायला येतील. पुरण घाल." ती पाट्यावरून मान वर न करता म्हणाली, "तुमच्या शाळेला रविवार असतो. मपल्याला कव्हा असतो?"

आम्ही जन्मभर पोरांना गणित शिकवले. काळ, काम, वेग शिकवले. पण आमच्याच घरातले हे गणित आम्ही कधी मांडले नव्हते. सात वर्षांत तिला एक सुटी नव्हती. आई गेली तेव्हा तिच्या कमरेने दगा दिला होता. आज ती काठी घेऊन चालते.

आईला शेवटी आमचे नाव आठवत नव्हते. सुनेचेही आठवत नव्हते. पण सून जवळ आली की ती तिचा हात धरी आणि "माय" म्हणे.

आमच्या घरी पगार होता. त्यामुळे चूल विझली नाही. ज्या घरात पगार नाही, त्या घराचे काय? चला, ते गणित आता मांडू.

समजा, एका बाईला दिवसाची मजुरी ३०० रुपये मिळते. महिन्यात २० दिवस काम मिळते.

३०० गुणिले २० = ६,००० रुपये.

सासूबाईंच्या सेवेसाठी ती घरी बसली. म्हणजे दरमहा ६,००० रुपये बुडाले. औषध, साबण, डायपर यांना समजा १,००० रुपये लागले.

६,००० अधिक १,००० = ७,००० रुपये.

सासूबाईंना श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये मिळाले, असे धरू.

७,००० वजा १,५०० = ५,५०० रुपये.

हे ५,५०० रुपये दरमहा कोण भरते? ती बाई भरते. तिच्या हातात पैसा दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटते की ती काहीच देत नाही.

४. सरकार आज काय देते?

आता योजना पाहू. प्रत्येक योजनेत पैसा कोणाच्या नावावर येतो, ते नीट पाहा.

*श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना.* ही महाराष्ट्र सरकारची योजना आहे. वय ६५ वर्षे किंवा जास्त हवे. कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असावे, किंवा वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावे. महाराष्ट्रात १५ वर्षे राहिलेले असावे. २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. पैसा म्हाताऱ्या माणसाच्या नावावर येतो.

*संजय गांधी निराधार अनुदान योजना.* आजार ६५ वर्षांच्या आतही होऊ शकतो. अशा गरीब, निराधार, अपंग माणसासाठी ही योजना आहे. तिचीही रक्कम १,५०० रुपये आहे. हाही पैसा आजाऱ्याच्या नावावर येतो.

*अपंगत्वाचा दाखला.* सरकारी कागदात अपंगाला आता 'दिव्यांग' म्हणतात. पुष्कळांना वाटते की हात-पाय गेले तरच माणूस अपंग. तसे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही धरला आहे. विचार, स्मरण, आपण कोठे आहोत याचे भान, यांत मोठा बिघाड झाला असेल तर तो त्यात बसतो. सरकारी रुग्णालयातले डॉक्टरांचे मंडळ तपासून टक्के ठरवते. ४० टक्के किंवा जास्त ठरले तर बहुतेक सवलतींचे दार उघडते. या दाखल्यासोबत जे ओळखपत्र मिळते, त्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात.

या दाखल्याचा रोकडा उपयोग ऐका. संजय गांधी व श्रावणबाळ या दोन्ही योजनांतल्या दिव्यांग माणसांची रक्कम सरकारने ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये केली आहे. म्हणजे दाखला असेल तर महिन्याला १,००० रुपये अधिक. एका फेरीचा त्रास पडेल, पण तो सोसण्यासारखा आहे.

*मुख्यमंत्री वयोश्री योजना.* ही २०२४ साली निघाली. ६५ वर्षांवरच्या गरजू माणसाला काठी, कमोड खुर्ची, चाकाची खुर्ची, चष्मा अशा वस्तूंसाठी ३,००० रुपये एकदाच मिळतात. कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न दोन लाखांच्या आत हवे.

*आयुष्मान वय वंदना कार्ड.* ७० वर्षांवरच्या कोणालाही, गरीब असो वा श्रीमंत, रुग्णालयातल्या उपचारासाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. हे कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. पण घरच्या सेवेला त्यातून काही मिळत नाही.

*ग्रामपंचायतीचा निधी.* ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के पैसे दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. दाखला असेल तर या निधीतून मदत मागता येते.

सगळी यादी पाहिली. आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. श्रावणाला काय मिळते? महाराष्ट्रात आज यांतल्या एकाही योजनेत सेवा करणाऱ्याच्या नावावर पैसा नाही.

मग कायद्यात त्याचा विचारच नाही का? आहे. त्याच २०१६ च्या कायद्याचे कलम २४ पाहा. ज्या दिव्यांगाला फार आधार लागतो, त्याच्यासाठी 'काळजीवाहकाचा भत्ता' असावा, असे त्यात लिहिले आहे. काळजीवाहक म्हणजे सेवा करणारा. सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे अशा योजना कराव्यात, असे कायदा म्हणतो. म्हणजे बी पेरलेले आहे. ते आपल्या शिवारात अजून उगवायचे आहे.

५. मिळणारा पैसा हाती कसा यावा?

योजना मंजूर होणे वेगळे आणि पैसा हाती पडणे वेगळे. विसरणाऱ्या माणसाच्या बाबतीत येथेच घोडे अडते.

आता पैसे थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. पण म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात. यंत्र अंगठा घेत नाही. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. हयात म्हणजे जिवंत. तो दिला नाही तर पैसे थांबतात. आमच्या वर्गातल्या बाईंच्या सासूचे पैसे असेच पाच महिने थांबले होते. कार्यालयात विचारले तर "आजीला घेऊन या" असे उत्तर मिळाले. आजीला एसटीत बसवले तर ती चालत्या गाडीतून उतरायला निघे. शेवटी शेजारच्यांच्या जीपमधून नेले. पाच महिन्यांचे पैसे मिळाले, पण मजुरीचे दोन दिवस आणि जीपचे भाडे गेले.

यावर काही उपाय आहेत. ते पाठ करून ठेवा.

एक. आजाराच्या सुरुवातीलाच, माणसाला समजते आहे तोवर, खाते दोघांच्या नावाने करून घ्या. सेवा करणाऱ्याचे नाव त्यात असावे. पुढे समज गेल्यावर ही गोष्ट कठीण होते.

दोन. आजारी वा म्हातारा माणूस सही करू शकत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो. त्यासाठी दोन साक्षीदार लागतात. त्यांतला एक बँकेचा जबाबदार माणूस असावा लागतो.

तीन. ७० वर्षांवरच्या माणसांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सांगितले आहे. बँकेत जाऊन नम्रपणे विचारा. पोस्टमनही आधारच्या आधारे घरी पैसे देऊ शकतो.

चार. हयातीच्या दाखल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ज्याला लिहिता येते त्याने हे काम करावे. शिकल्याचा हाच उपयोग आहे.

पाच. विसरणाऱ्या माणसाचा अंगठा कोणत्याही कोऱ्या कागदावर किंवा शेताच्या कागदावर कोणी घेऊ लागला, तर घेऊ देऊ नका. घरचा माणूस असला तरी नको.

६. भाऊ-भाऊ आणि कायदा

कधी कधी एका म्हातारीला तीन लेक असतात. सेवा मात्र एकाच्याच घरी. बाकीचे पुण्याला, औरंगाबादला. सणावाराला येतात, साडी देतात, फोटो काढतात आणि जातात. औरंगाबादचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले, पण ही रीत काही बदलली नाही.

२००७ साली केंद्र सरकारने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्याप्रमाणे मुलांनी मायबापांचा खर्च उचलणे बंधनकारक आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे, म्हणजे प्रांतसाहेबांपुढे, अर्ज करता येतो. वकील लागत नाही. मुलांनी महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत द्यावे, असा हुकूम ते करू शकतात. एका मुलावर हुकूम झाला तर तो इतर भावंडांनाही त्यात ओढू शकतो.

आमचा सल्ला असा, की आधी ओट्यावर बसून भावाभावांनी बोलावे. ज्याच्या घरी सेवा आहे त्याला बाकीच्यांनी दरमहा पैसे पाठवावेत. आणि वर्षातून एक महिना आईला आपल्या घरी न्यावे, किंवा आपण येऊन राहावे. तेवढा महिना त्या वहिनीला माहेरी जाऊ द्यावे. कोर्टकचेरी हा शेवटचा मार्ग समजावा. पण तो मार्ग आहे, हे सर्व भावांना ठाऊक असावे.

७. दुसरीकडे काय चालते?

आपल्या देशातच केरळ राज्यात 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा पूर्णवेळ आधार लागणाऱ्या आजाऱ्याची घरी राहून सेवा करणाऱ्याला महिना ६०० रुपये देण्याची ती योजना आहे. पैसे वेळेवर मिळत नाहीत, अशा तक्रारी तेथेही होतात. रक्कमही लहान आहे. पण एक गोष्ट मोठी आहे. हा पैसा कावड वाहणाऱ्याच्या नावाने आहे.

शेजारच्या गोव्यात वेगळा प्रयोग झाला. दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंशाच्या आजाऱ्यांची ८१ घरे घेतली. तिथल्याच माणसांना शिकवून तयार केले. ती घरोघर जात. आजार काय आहे, आजारी चिडला तर कसे वागावे, सरकारी मदत कशी मागावी, हे समजावून सांगत. सेवा करणाऱ्याचे दुःख ऐकून घेत. २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेवा करणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला होता. म्हणजे पैसा तर हवाच, पण विचारपूस करणारे माणूसही हवे.

आता जरा लांब, विलायतेत जाऊ. तेथे १९७६ पासून, नोकरी सोडून आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला सरकार भत्ता देऊ लागले. पण एक अट होती. लग्न झालेल्या बाईला तो मिळत नसे. कारण काय? तर ती तशीही घरीच असते! जॅकलिन ड्रेक नावाच्या एका बाईने १९८४ साली आपल्या अपंग आईची सेवा करण्यासाठी नोकरी सोडली. तिने भत्ता मागितला. लग्न झालेले आहे म्हणून नाकारला गेला. बाई गप्प बसली नाही. ती न्यायालयात गेली. खटला युरोपच्या न्यायालयापर्यंत पोचला. जून १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. तेव्हापासून तेथे लग्न झालेल्या बायांनाही हा भत्ता मिळू लागला. आठवड्याला किमान ३५ तास सेवा करावी लागते. २०२५ साली हा भत्ता आठवड्याला ८३.३० पौंड होता.

'ती तशीही घरीच असते' हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत ना? विलायत लांब असली तरी हे बोलणे आपल्या ओसरीवरचेच आहे. आमच्याही तोंडात ते होते.

८. आपण काय करावे?

रडल्याशिवाय आईसुद्धा लेकराला पाजत नाही. सरकार तर त्याहून दूर बसलेले. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

घरात कोणी फार विसरू लागले तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात. त्यांचा कागद जपून ठेवा. पुढच्या सगळ्या कामाला तोच लागतो.

दिव्यांग दाखल्यासाठी अर्ज करा. मग तो दाखला तहसील कार्यालयात योजनेच्या कागदांना जोडा.

दोन फोन नंबर लिहून घ्या. १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा आहे. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी आहे. त्यावर मराठीत बोलता येते. सेवा करणाऱ्यालाही आपला त्रास तेथे सांगता येतो. पैसे पडत नाहीत.

आजाऱ्याच्या सदऱ्याच्या किंवा लुगड्याच्या आतल्या बाजूला नाव, गाव आणि घरचा फोन नंबर शिवून ठेवा. माणूस वाट चुकले तर कोणी तरी घरी आणून सोडील.

शेजाऱ्यांनी आठवड्यातून दोन तास आजाऱ्यापाशी बसावे. तेवढ्यात ती सून बाजार करील, किंवा नुसती झोपेल. झोपली तरी चालेल.

आणि ग्रामसभेत उभे राहा. २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा होते. 'कायद्यातला काळजीवाहकाचा भत्ता महाराष्ट्रात सुरू करावा' असा ठराव मांडा. एका गावाच्या ठरावाने काय होणार, असे म्हणू नका. थेंबे थेंबे तळे साचे.

९. पुढे काय झाले?

बाईंचा अर्ज त्यांनी स्वतः वाचला. दिव्यांग दाखल्याच्या अर्जात सासूबाईंचे नाव, वय, गाव त्यांनी आपल्या हाताने लिहिले. 'अर्जदाराशी नाते' या रकान्यात त्यांनी 'सून' लिहिले. सही केली. सही थोडी वाकडी आली. आम्ही ती सुधारली नाही.

दाखल्याचे काम अजून चालू आहे. तो मिळेल तेव्हा महिन्याला हजार रुपये वाढतील. कोयत्याची उचल काही परत येणार नाही. पण गेल्या ग्रामसभेत या बाई उभ्या राहिल्या. पदर सावरून एवढेच बोलल्या, "सासू माझी हाये, मी करणारच. पण मी करते ते काम हाये, एवढं कागदावर लिवा."

सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "लिहा हो. खरं बोलली."

ठराव लिहिला गेला. आम्ही घरी आलो. पत्नी ओसरीवर बसली होती. आम्ही चहा केला. साखर जरा जास्त पडली होती. तिने काही न बोलता घेतला.

वर्गात चर्चा करा

१. साधा विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश यांत काय फरक आहे?

२. श्रावणबाळ योजनेचा पैसा कोणाच्या नावावर येतो? सेवा करणाऱ्याला काय मिळते?

३. दिव्यांग दाखला असेल तर महिन्याला किती रुपये अधिक मिळतात? आकडा लिहून दाखवा.

४. एका बाईची मजुरी दिवसाला २५० रुपये आहे. सेवेसाठी तिचे महिन्यातले १६ दिवस बुडाले. किती रुपये बुडाले?

५. तुमच्या गल्लीत अशी सेवा करणारे कोणी आहे का? या आठवड्यात तुम्ही त्यांच्या घरी दोन तास केव्हा बसाल? वार लिहा.